घरचा सामना

करारातलं कलम अकरा असं:
यजमान संघ म्हणजे भाडं देणारा संघ.
मी खजिनदार, कवी नाही,
म्हणून हे वाक्य तीनदा वाचलं
आणि चौथ्यांदा सेवकराम परात्यांना वाचून दाखवलं.
ते म्हणाले, "सही तं झाली ना बाप्पा,
आता वाचून का करतं?"

सही झाली एप्रिलात, एसीच्या गारव्यात.
काचेखाली ठेवलेलं इवलं स्टेडियम,
मुगाएवढ्या खुर्च्या, स्पंजची झाडं.
अन्सार मास्तर बोटानं गोलपोस्ट शोधत राहिले.
नव्हते. बनवणारा विसरला होता.
आम्ही हसलो.
तेव्हाच उठायला पाहिजे होतं.

आमचं जुनं मैदान पॉवरलूमच्या शेडमागे,
मुरमाचं, डावीकडे उतरतं,
त्यामुळे टॉस जिंकून दुसऱ्या हाफला उतार मागणे
हेच तांडापेठ स्पोर्टिंगचं अर्धं डावपेच.
तिकीट नव्हतं. हाफटाइमला
चार पोरं मागावरची कोरी चादर
चार कोपऱ्यांनी धरून फेरी घालायची.
नाणी पडायची, नोटा,
एकदा कुणाची लग्नातली अंगठी.
(बायको दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेली.
तिनं सही केलेली पावती माझ्याकडे आहे.)
मागे पडलो असलो तर चादर ताठ,
पुढे असलो तर मधोमध झोळ.
झोळ बघून मी आकडा सांगायचो.
मोजल्यावर वीस-तीसचा फरक.

नवं स्टेडियम हिंगण्याच्या पलीकडे, दोन बस बदलून.
खुर्च्या निळ्या. आमचा रंग जांभळा.
पहिल्या सामन्याला नऊशे माणसं!
कामठीवाल्यांवर तीन-एक.
दुर्वास हेडाऊनं गुडघ्यानं पेनल्टी अडवली,
मास्तर चष्मा काढून पुसत बसले.
रात्री मी हिशेब मांडला.
भाडं, दिवे, गेटवरची माणसं,
सफाई सामन्याआधीची, सफाई नंतरची.
पार्किंग त्यांचं, समोसा त्यांचा,
भिंतीवरची सिमेंटची जाहिरात त्यांची.
तिकिटं तेवढी आमची.
नऊशे माणसं आणून, सामना जिंकून,
आम्ही त्यांना सोळा हजार चारशे देणं लागत होतो.
चौदाशे आली असती तर बरोबरी.
तांडापेठेत रविवारी चौदाशे माणसं
एखाद्या मोठ्या मयतीलाच निघतात.

कलाबाईचे फुटाणे गेटवर अडले,
बाहेरचं खाणं आत नाही.
ती कुंपणापाशी टोपली घेऊन बसते,
आतून गलका आला की विचारते,
"कोनं मारला रे?"
रखवालदारालाही दिसत नाही,
तो तिच्या समाधानासाठी आमचंच नाव सांगतो.
तिच्या हिशेबी आम्ही या मोसमात एकही सामना हरलो नाही.

मला मात्र वाईट खोड लागली आहे.
गोल झाला की उडी मारतो
आणि खाली येईस्तोवर दिव्यांचे युनिट मोजतो.
मध्येच वाटतं, आभाळ भरून यावं.
कलम चौदा: रद्द सामन्याला भाडं निम्मं.

कामठीवाल्यांनीही तसलाच कागद केला आहे.
परतीच्या सामन्यात त्यांचा खजिनदार आणि मी
शेजारी बसलो, एकाच पिशवीतले दाणे खात.
स्कोअर आठवत नाही.
दोघंही हरत होतो.

जुन्या मैदानावर आता लॉन आहे, लग्नाचं.
मे महिन्यात निमज्यांच्या मुलीच्या रिसेप्शनला गेलो.
जिथं जिलबीचं काउंटर, तिथं आमचा वरचा गोल.
हिरवा गालिचा, कारंजं, सगळं सपाट केल्यासारखं.
टेबलावर मठ्ठ्याचा ग्लास ठेवला,
थंड, बुडाशी ओला,
आणि तो कुणी न ढकलता
इंच-दीड इंच डावीकडे सरकला.

मी हात लावला नाही.
मास्तरांना खुणेनं बोलावलं.