स्पूल नंबर चौदा

खोक्यावर माझंच अक्षर, निळ्या शाईत:
कॅम्प, शाळेचा हॉल. वादळग्रस्त मदत. जॅझ.
'झ' आधी 'ज' लिहून खोडलेला दिसतो.
शहापुरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान,
लग्नाला भोंगे, गणपतीला भोंगे,
निवडणुकीला दोन्ही बाजूंचे भोंगे,
आणि एकच जर्मन टेपरेकॉर्डर, कुणाला न देण्याचा.

बास्त्याव फर्नांडिस सायकलवरून आला,
पाठीला सॅक्सोफोन, पोत्यात गुंडाळलेला.
म्हणाला, पुंडलीक, पूर्वेकडे समुद्र गावात शिरलाय,
माणसं ताडाला स्वतःला बांधून घेऊन वाचली म्हणे.
आम्ही वाजवतो. तू भरून घे.
भाड्याचं विचारलं तर नुसता हसला.

ड्रमवर ईराप्पा, एरवी वरातीचा.
ट्रम्पेटला पलटणीच्या बँडातून निवृत्त हवालदार गावडोजी,
सूर कितीही वाकला तरी स्वतः ताठ.
पियानोला ऑलिंडा टीचर. त्या पियानोची
तीन पांढरी बटणं मुकी होती,
ती त्यांना वळसा घालून जायची,
खड्डे पाठ असलेल्या टांगेवाल्यासारखी.

टेप सुरू होते ती भांडणानं.
निवेदन इंग्रजीत झालं, मागून आवाज:
'मराठीत सांगा की!'
लगेच दुसरा: 'कन्नडदल्ली हेळ्री!'
खुर्च्या सरकतात. शिट्टी.
आता पेटणार, असं वाटतं,
निकाल ठाऊक असून दरवेळी वाटतं,
तेवढ्यात ईराप्पा झांजेवर काठी हाणतो
आणि दोन्ही भाषांत एकेक शिवी देतो, थोडक्यात.
हशा.
तिथून सुरू.

शेजारी कुंदेवाले होसमनी बसले होते.
'हे काय वाजिवलालेत रे? प्रत्येकाचं येगळंच?'
हेही टेपवर आहे. माझं उत्तर नाही.
मी सुई बघत होतो, तांबड्यात जाऊन येणारी.
बास्त्याव एक ओळ धरायचा, सोडून द्यायचा,
हरवला म्हणेपर्यंत
तिसऱ्या रेल्वे गेटाकडून फिरून आल्यासारखा
बरोब्बर तिच्याच दारात उभा.

दुसऱ्या बाजूला, सतराव्या मिनिटाला, लाइट गेली.
मोटार मंदावत थांबली,
म्हणून ऐकताना उलटं होतं:
सूर वर वर चढतो, बारीक, टिटवीसारखा,
आणि नाही.

हॉलमध्ये ते थांबले नव्हते.
कुणाच्यातरी बॅटरीचा झोत हवालदाराच्या बुटांवर,
बाकी अंधार वाजत होता.
किती वेळ, सांगता येत नाही. घड्याळ दिसत नव्हतं.
मागे कुणी रडत होतं, किंवा सर्दी असेल. डिसेंबर होता.
लाइट आली, मी बटण दाबलं.
टेपवर त्यापुढे थेट टाळ्या आहेत.
कशासाठी, ते टेपला ठाऊक नाही.

दोन हजार एकशे चाळीस रुपये जमले.
ड्राफ्टनं गेले. महिन्यानं पोच आली, तेलुगूत.
दोन भाषांवरून भांडणारं गाव,
तिसरीत निवेदन करणारं,
चौथी कुणालाच येईना.
शेवटी गुंतकलहून बदलून आलेल्या स्टेशनमास्तरांच्या बायकोनं
तांदूळ निवडता निवडता वाचली:
रक्कम पोचली. एकशे सात घोंगड्या घेतल्या.
एवढंच? एवढंच, म्हणाली, आणि सूप पुढे ओढलं.
ती पोच झाकणाला आतून चिकटवली आहे.

काल भाचा आला, बेंगळुरूहून.
स्पूल लॅपटॉपात उतरवून घेतलं,
पडद्यावर हिरव्या लाटा दाखवल्या.
म्हणाला, मामा, वाजवलंय झकास,
पण खाली ही खडखड कसली सारखी?
एका क्लिकमध्ये काढून टाकतो.

मी त्याचा हात धरला.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरत होता रे रांगांतून.
ती खडखड म्हणजे घोंगड्या.
त्यात माझे आठ आणेही आहेत,
तुला नाही ऐकू येणार,
माईक जवळ होता म्हणून
मी ते आवाज न करता ठेवले होते.