उतारावर एक टक्का

वहीचं पहिलं पान अजून पेट्रोलचं आहे.
तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर,
समासात बारीक अक्षरात:
'ॲव्हरेज घसरलं, इद्रिसभाईला दाखवणे.'
सतरा वर्षं अशी भरत गेली.
मग एक ओळ कोरी,
आणि तिच्याखाली, त्याच निळ्या पेनाने: युनिट.

खारघर ते महापे, जाऊन-येऊन चव्वेचाळीस.
किलोमीटरला पूर्वी साडेआठ रुपये पडत,
आता एक रुपया चाळीस पैसे.
हे मी जेवताना दोनदा सांगितलं.
वैजयंती म्हणाली, "आणि हप्ता?
तो काय वाऱ्यावर फिटतो?"
हप्त्याला वहीत रकाना नाही.
मी आमटी वाढून घेतली.

प्लगची परवानगी मिळाली अकराव्या महिन्यात.
तीन सभा, एक ना-हरकत, वेगळा मीटर,
सत्तावीस मीटर केबल, माझ्या खर्चाने,
खांबांना धरून धरून, बुजऱ्या पाहुण्यासारखी.
ठोंबरे म्हणाले, उद्या लिफ्ट बंद पडली तर जबाबदार कोण?
लिफ्ट तेव्हाही बंदच होती.
आता रोज रात्री साडेदहाला
रामसुमेर रीडिंग लिहितो, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरात.
नाव: गाडी.
कोणाकडे: मीटर.
जाण्याची वेळ: सकाळी.

एका रविवारी रात्रभर वीज नव्हती.
सोमवारी पडद्यावर एकोणीस.
एसी बंद, काचा खाली,
उरण फाट्यापर्यंत मी वाफेत, ती थंड.
वाशीच्या चार्जरला एक टॅक्सी लागलेली,
शंभर टक्के भरून झालेली,
आत ड्रायव्हर, बूट काढून, तोंड उघडं टाकून झोपलेला.
काचेवर बोट वाजवायचं होतं.
वीस मिनिटं उभा राहिलो.
तो जागा झाल्यावर वहीत लिहिलं:
चार युनिट, एकवीसच्या भावाने. घाईची वीज.

तुर्भ्याला हवा भरायला थांबलो.
इद्रिसभाईने सवयीने बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ नुसता बघत राहिला,
भाडेकरू निघून गेलेल्या खोलीत
घरमालक बघतो तसा.
"ऑइल?"
नाही.
"प्लग? बेल्ट? फिल्टर?"
मी मान हलवत राहिलो, जणू माझीच काही चूक.
त्याने हात फडक्याला पुसले. हात स्वच्छच होते.
"हवा पस्तीस ठेवलीय," म्हणाला,
आणि पैसे घेतले नाहीत.
सतरा वर्षं आम्ही बिलावरून भांडलो,
हे पहिलंच बिल, ज्यावर भांडता आलं नाही.
त्या दिवशी वहीत शून्य लिहिलं.
बचतीत मात्र ते धरलं नाही.

वैजयंतीची बहीण पारसिकच्या टेकडीवर राहते.
चढताना एकसष्टचे सत्तावन्न झाले,
मी गप्प झालो.
"इतकं काय बघतोस त्या आकड्याकडे," ती म्हणाली,
"माझ्या साखरेकडे कधी बघितलंस इतकं?"

रात्री परत निघालो.
पाय ॲक्सिलेटरवरून उचलला,
गाडी स्वतःला धरून धरून उतरू लागली,
आवाज नाही, खाली बेलापूरचे दिवे,
खाडीकडून चिखलाचा वास.
दुसऱ्या वळणानंतर सत्तावन्नचे अठ्ठावन्न.

"वाढलं?" ती पुढे वाकली. "कसं काय?"
उतारावर थोडं परत मिळतं, मी म्हणालो.
निवृत्तीला चौदा महिने राहिलेत,
हे आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

"मग ब्रेक नको दाबूस," ती म्हणाली,
"मिळतंय तेवढं मिळू दे.
किती रुपयांचं असेल?"
दोन रुपये ब्याऐंशी पैसे.
"लिही की मग."

घरी येऊन वही काढली.
पानं मागेपुढे चाळली.
सतरा वर्षं आणि वर दीड,
जमेची बाजू आखायचीच राहून गेली होती.
"पट्टी कुठे ठेवलीय गं?" मी विचारलं.