पोचा

यावलला भट्टीत
सुभानचाचांचं माप म्हणजे वनस्पती तुपाचा जुना डबा,
अर्ध्या किलोचा, रंग उडालेला,
डाव्या कुशीला पोचा.
नानकटाईला तीन डबे मैदा.
तूप वाण्याकडून तोलून यायचं, पिठीसाखरही.
मैदा तेवढा डब्यानं.

चाचांचे गुडघे गेले, भट्टी आमच्या बचत गटानं घेतली,
तेव्हा जळगावच्या साहेबांनी फॉर्म दिला:
घटक पदार्थ, ग्रॅममध्ये.
आणि हा गंजका डबा इथून हलवा.
वैजंता म्हणाली, तीन डबे लिही की.
रकान्यात डबे बसत नव्हते.

मग भुसावळहून स्टीलचा आणला,
उंचीला उंची, तोंडाला तोंड लावून,
आणि एक काटा, लाल आकड्यांचा.
पहिल्याच दुपारी कळलं
की डबाभर म्हणजे नक्की काहीच नाही.
मैदा चाळून, चमच्यानं हळू सोडला तर दोनशे पासष्ट.
पोत्यात डबा खुपसून काढला तर तीनशे अठरा.
ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरला,
तीनशे साठ.
तोच मैदा, तोच डबा, तोच माझा हात.
जुबेदा म्हणाली, काटा खोटं बोलतो.
पण काटा सरळ होता, तुपापाशी समजलं ते.
मे महिन्यात तूप न तापवता पाणी,
पौषात सातपुड्याकडून वारा सुटला की त्यात चमचा उभा राहतो,
वाटी कधी भरल्यासारखी वाटते, कधी नाही,
काट्यावर पाचशे ते पाचशेच.

चाचांना विचारलं, मैदा कसा भरायचे?
बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी रिकामा हात हवेत खुपसला,
वर आणला, अंगठ्यानं काठ पुसला.
आपटला नाही.
म्हणजे तीनशे अठरा. गुणिले तीन, नऊशे चोपन्न.
मी फॉर्मवर लिहिलं, खाली रेघ मारली.

पहिला घाणा दगडी निघाला.
चहात बुडवली तरी नानकटाई मान खाली घालेना.
चाचांनी अर्धी तोडली, जिभेवर धरली, बराच वेळ.
"मैदा जास्त झाला, माय."
"मोजून घातलाय, चाचा."
"मोजला असशील. जास्तच झाला."

रात्री जुबेदानं नवा डबा पाण्यानं काठोकाठ भरला
आणि जुन्यात ओतला.
जुना भरला, नव्यात थोडं उरलं.
आम्ही तिघी त्या उरलेल्या पाण्याकडे बघत राहिलो.
तोललं: एकवीस ग्रॅम.
एकवीस पाण्याचे मैद्याचे साडेबारा,
तीन डब्यांचे साडेसदतीस.
एवढा मैदा चाचांनी इतकी वर्षं
घातलाच नव्हता.

"पोचा कधी पडला?"
चाचा आधी खोकले.
"मेहरूनच्या भावाचं लगीन व्हतं चोपड्याले,
मी भट्टी बंद केली नाही.
तिनं डबा फेकला. नेम माझा, लागला भितीले.
दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणे, चाचा, आता हात बसला तुमचा.
मी डबा ठोकून सरळ नाही केला."
"त्यांना सांगितलंत?"
"तिले काहून सांगू?"
मग बाजेच्या सुंभाशी बोटं चाळवत म्हणाले,
"सांगायला पाहिजे व्हतं."

फॉर्मवर मी नऊशे सोळा लिहिलं.
अर्ध्या ग्रॅमला जागा नव्हती.
पण पहाटे चारला भट्टी पेटते तेव्हा वीज नसते,
काट्याची बॅटरी घाणाभरही पुरत नाही,
अंधारात हाताला मापच लागतं.
म्हणून वैजंतानं स्टीलचा डबा उंबऱ्यावर आडवा धरला
आणि वरवंटा घातला.
पाणी भरून तोललं. सहा ग्रॅम कमी.
पुन्हा घातला. नऊ.
स्टील काही ऐकेना,
वैजंता हसायला लागली, जुबेदाही.

"अशानं नाही व्हायचं," चाचा बाजेवरून म्हणाले,
"जरा राग आणून मार."