खोकी

सान्तियागोहून भाऊ फोनवर सांगतो,
इथे वारा नाही गं. छत्री उघडी राहते.

पुंता अरेनासमध्ये छत्र्या कुणी घेतच नाही.
नगरपालिकेने रस्त्याकडेला दोर बांधलेत,
धरून चालायचं.

नोकरीचं पत्र फ्रिजवर, गॅसच्या बिलाखाली.
उत्तर शुक्रवारपर्यंत.
ओस्वाल्दो म्हणतो, तू ठरव.
म्हणजे त्याचं ठरलंय.

काल दुकानात उगाच विचारलं,
रिकामी खोकी आहेत?
किती, म्हणाली फ्रेसिया,
आणि मला आकडा सांगता येईना.
तिने दोन दिली.

एकात लोकरीचे मोजे भरले,
परत काढले.
दुसऱ्यात मांजर जाऊन बसलं.

आज दोर सोडून निघाले
बेकरीपर्यंत, बघावं म्हणून.
अंग सवयीने पुढे झुकलेलं.
कोपऱ्यावर वारा अचानक पडला.
मीही.