सुम्ने

उद्यमबागेत शेवटचा पगार घेतला,
त्याच्या तिसऱ्या दिवशी सीडी हंड्रेडला किक मारली.
शेवंता फाटकात उभी :
‘पेट्रोल जाळायला काही कारण तरी लागतंय की.’
मला सापडलं नाही.
हेल्मेटचा पट्टा लावत बसलो
लागतो त्याहून जास्त वेळ.

चौतीस वर्षं मायक्रोमीटरच्या फटीतून
एक डोळा मिटून बघितलंय मी.
सांबरा सुटल्यावर
दोन्ही डोळे एकदम उघडायची सवयच नव्हती.

नेसरगीला चहा. यरगट्टीला हवा, मागच्या चाकात.
मग वळलो, आणि रान सपाट होत गेलं
वरून एकच कट घेतल्यासारखं,
फिनिशला थोडं सोडलेलं.
शाळू छातीएवढा. कडेनं करडई काट्यावर आलेली.
भोरड्यांचा थवा वळला की काळा,
पुन्हा वळला की नाहीच.

मैलाच्या दगडावर कानडी आकडे.
तीन आणि सहा अजून मला फसवतात,
एवढा जन्म इथंच काढून.
रामदुर्ग तेहेतीस वाचलं, पुढच्या दगडाशी कळलं, छत्तीस होतं.
तीन किलोमीटर फुकट मिळाले म्हणून हसलो,
तर माझंच हसू हेल्मेटात
माझ्याच कानाशी.

मग मेंढरं.
रस्ताभर, वळणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
क्लच दाबला आणि वायर तुटली,
टक्.
इंजिन आचका देऊन गप्प.
डिकीत पाना होता, प्लग होता, सुईदोरासुद्धा होता.
वायर तेवढी नव्हती.

हालप्पा त्याचं नाव. खांद्यावर घोंगडं,
घोंगड्यात कालचं कोकरू.
माझं कानडी कारखान्यातलं : नट, बोल्ट, बिडी, रजा.
त्याचं मराठी सांगलीकडं मेंढरं नेताना शिकलेलं :
चारा, पाणी, शिव्या.
एवढ्या भांडवलावर तासभर बोललो.

‘ऊर कुठलं?’
‘बेळगाव.’
‘बेळगावी,’ तो म्हणाला, आणि शेवटची वेलांटी
कोकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी ओढली.
ह्या वेलांटीपायी पाट्यांना डांबर फासलेलं
मी बघितलंय.
इथं ती आम्हा दोघांच्या मधे पडून राहिली,
कुणीच उचलली नाही.

‘तिकडं काम काय?’
‘काही नाही. उगीच.’
त्याला उगीच कळेना. मी हवेत हात फिरवला.
‘हां, सुम्ने!’

सुम्ने.
आमच्या उगीचमध्ये कुणीतरी
फाटकात उभं असतं.
ह्याच्या शब्दात कुणीच नव्हतं.
नुसतं रान, आणि त्यात
मेंढरांचं ते कुरतडणं.

क्लच तुटलेली गाडी ढकलून, पळवून
पहिल्यात घालायची.
एकदा चालली की थांबवायची नाही.
त्यानं कोकरू खाली ठेवलं. घोंगडं ठेवलं.
ढकललं.
वीस पावलं, तीस, धाप, एक कानडी शिवी,
आणि इंजिननं पकडलं.

मागून काहीतरी ओरडत होता तो.
मला आभार मानायचे होते, थांबता येत नव्हतं.
एक हात वर केला तर हँडल डगमगलं.
आरशात तो, मग मेंढरं,
मग नुसताच धुरळा.

रामदुर्गपर्यंत कुठंच टेकलो नाही.
उसाचे ट्रॅक्टर, शाळा सुटलेली पोरं, एक लग्नाची वरात,
सगळ्यांना हॉर्न, सगळ्यांना वळसा.
सूर्य पाठीवर तापत होता,
माझी सावली माझ्या पुढं पळत होती,
तिला ब्रेक नव्हता.

तो काय ओरडला, ते अजून लावतोय.
सावकाश जा, असेल.
किंवा, पाना राहिला.
राहिलाच होता खरंच दगडावर, दहा-बाराचा.

शेवंतेला आता कारण सांगता येईल
पुन्हा तिकडं जायला.
सांगणार नाही.