तीन नंबरचा पंप

खाण बंद झाली त्याला अकरा वर्षं.
कोळसा संपला, की परवडेना,
कोणी नीट सांगितलं नाही.
पाणी तेवढं वर येत राहिलं,
म्हणून मी राहिलो.
मुखरू पिंपळशेंडे, पंप खलाशी, रात्रपाळी.

हे पाणी लोखंड खातं.
इंपेलरची चार महिन्यांत चाळणी.
सुती पॅन्ट दोन धुण्यांत झडते.
गिरजा ठिगळावर ठिगळ लावते नि विचारते,
‘काहून जी, तुम्ही पाण्यात काम करता का इस्तवात?’

उन्हाळ्यात सुकेशिनी रामटेके आली,
चंद्रपूरच्या कॉलेजातून.
पाठीवर बाटल्या, डोक्यावर उसनं हेल्मेट.
कागदाची पट्टी बुडवली, पट्टी लाल झाली,
पान खाऊन थुंकावं तशी.
‘लिंबापेक्षा आंबट आहे, काका.’
मी म्हटलं, चाखून कोण बघते.

मग तिनं उतारावर बॅटरी मारली,
जिथं जुन्या गॅलरीतून झिरपा येतो.
पाण्यावर गुलाबी साय,
तिच्याखाली शेंबडासारख्या लांब दोऱ्या, वाहत्या धारेत हलणाऱ्या.
अकरा वर्षं मी त्या फावड्यानं ओढत होतो,
जाळीत अडकतात म्हणून.
शिव्याही दिल्या आहेत.
ती म्हणाली, ‘जिवंत आहे हे.’

ऊन नाही. माती नाही. हवा असून नसल्यासारखी.
खायला काय, तर दगड.
ते पिवळं चकाकतं, जे आम्ही पोरं असताना
सोनं समजून खिशात भरलं होतं.
कोणी त्यातलं लोखंड खातं, कोणी गंधक,
कोणी नुसतं दुसऱ्याचं उष्टं,
कोणी मेलेल्यांना.
आणि सगळ्यांच्या खाण्यातून उरतं ते हे आंबट पाणी,
ज्यात परकं कोणी येऊन राहू शकत नाही.
आपल्याच खरकट्यानं राखलेलं घर.

हे मला कळलं.
मोहाचा सडवा ज्याला कळतो त्याला हे कळतं.
मामा माठाला कान लावून सांगायचा, अजून दोन दिवस.
मी झिरप्याला कान लावला.
पाणी वाजत होतं, बस.

‘किती असतील?’
तिनं चमचाभर साय उचलली.
‘एवढ्यात आपल्या तालुक्यापेक्षा जास्त.’
वर डोंगरउमरीत आता घर नाही.
शाळेच्या भिंतीवर पटसंख्या आहे, रंगानं लिहिलेली: ४१.

मी काही यांचा भाट नाही.
हेच पाणी नाल्यात उतरलं तेव्हा
मरळीसुद्धा पांढरं पोट वर करून आल्या.
माझ्याच गोऱ्ह्याचे खूर फाटले.
त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

अहवाल कुठंतरी गेला. ती परत आली नाही,
चुनकळीचे ट्रक आले.
आठ दिवस आम्ही पोती फोडली,
पाणी आधणासारखं फसफसलं,
दोऱ्या फिकट पडून तुटल्या.
साहेब पट्टी बघून हसले.
मीही हसलो, हसायचं असतं.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री,
गावात पोरं लाकडी बैल उशाशी घेऊन झोपली असतील,
मी जाळी साफ करायला उतरलो.
आतल्या गॅलरीच्या तोंडाशी, जिथं चुना पोचत नाही,
बॅटरीच्या उजेडात एक दोरी.
करंगळीएवढी.
हलत होती.

फावडं हातात होतं.
किती वेळ, ते रजिस्टरात नाही.

रजिस्टरात एवढंच:
पंप नंबर तीन. सुरू १.४०, बंद ५.१०.
करंट बरोबर. आवाज बरोबर.
शेवटी एक रकाना आहे, ‘खाली हजर किती’,
खाण चालू होती तेव्हाचा, कोणी खोडला नाही.
पेन झटकला. थांबलो.
रकाना फार अरुंद.
लिहिलं: १.