दुरुस्ती, १९६२

विस्कॉन्सिनच्या टेकड्यांचा एकोणीसशे सहाचा नकाशा
घेऊन हिंडलो त्या उन्हाळ्यात, सरकारी जीपमधून.
उंचीच्या तपकिरी रेषांना हात लावायचा नाही,
टेकड्या काही पळून जात नाहीत.
काळे चौकोन तेवढे तपासायचे.
एक चौकोन, एक घर.
छप्पर असेल तर ठेवा, नसेल तर खोडा.
नियम छापील, पान अकरा.

दुपारपर्यंत सात खोडले.
शाळेचं निशाण गेलं. चीजचा कारखाना गेला;
त्याच्या ओट्यावर एक मांजर झोपलं होतं, त्याला उठवलं नाही.

राग्नहिल्ड ट्वेइट फाटकापाशी उभी होती,
ओच्यात बटाटे, बटाट्यांना माती.
नकाशा तिनं बॉनेटवर पसरायला लावला.
चष्मा घरात. अंदाजानं बोट टेकवलं,
त्या एका बोटाखाली चार शेतं झाकली गेली.
"हे नेसेट. त्यांचा पोरगा पियानो वाजवायचा, भयंकर.
हे आम्ही.
आणि हे वरचं, झऱ्याजवळचं, ओलाउगचं. माझी बहीण."

वर गेलो. ती पुढे, मी धापा टाकत मागे.
साठ फूट चढ: कागदावर तीन रेषा,
नखाएवढी जागा.
छप्पर नव्हतं. भिंतीही नव्हत्या.
लायलॅकची दोन झुडपं, दाराच्या दोन बाजूंना,
मधे दार नाही.
आणि रुबार्ब, कुणी न विचारता माजलेला.

"लायलॅकला खूण असते तुमच्यात?"
नसते, म्हटलं.
"रुबार्बला?"
विहिरीला असते, म्हटलं.
विहीर तिनंच बुजवली होती, वासरू पडलं तेव्हा.
मग बराच वेळ ती देठ मोडत बसली
आणि माझ्यासाठी वर्तमानपत्रात जुडी बांधली.

रात्री मोटेलच्या दिव्याखाली
ओलाउगचा चौकोन मी पात्यानं खरवडून काढला.
कागद तिथे जरासा पातळ झाला.

राहिली गाडीवाट. तुटक तुटक दुहेरी रेघ,
रस्त्यापासून झऱ्यापर्यंत.
पान चौदा: वाट वापरात असेल तर ठेवावी.
आज दोन माणसं चालली होती तिच्यावरून,
जाऊन येऊन.
ठेवली.

कचेरीतून तपासणीचा कागद परत आला.
समासात लाल पेन्सिलीनं कुणीतरी विचारलेलं:
ही वाट जाते कुठे?

मी खाली लिहिलं: वर.